बाहुलीच्या मानेवरचं 1894 हे साल नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वाड्यांमधल्या मौल्यवान वस्तूंवर लेख आला होता, त्यातल्या बाहुलीच्या चौकटीबद्दल हे पत्र लिहितेय. मी जर्मनीत एर्लांगनला राहते, मूळची मिरजेची, ई-पेपर रोज सकाळी वाचते, आणि जुन्या जर्मन बिस्क बाहुल्या गोळा करणं, त्यांचे मार्क वाचणं हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद आहे, त्यामुळे तो फोटो बघून गप्प बसवलं नाही. फोटोत बाहुलीच्या मानेमागे 1894, त्याखाली ए एम आणि डीईपी असं स्वच्छ वाचता येतंय, आणि शेजारी मजकूर काय छापलाय तर आर्मांड मार्सेय या फ्रेंच कारागिराने 1894 साली बनवलेली दुर्मिळ बाहुली, आजची किंमत काही लाख रुपये. या एका वाक्यात तीन दावे आहेत आणि तिन्ही चुकलेत.

चूक छोटी वाटेल पण परिणाम छोटे नाहीयेत. लेख आल्यापासून सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या ओळखीच्या लोकांचे फोटो माझ्या व्हॉट्सअपवर येतायत. कुणी बाहुली साबणाच्या पाण्याने धुवून "आता चमकतेय बघा" म्हणून पाठवलीय, कुणाकडे जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेला आणि किरकोळ पैशात उचलायला बघत होता, तर कुणी उलट लाखाच्या खाली बोलायलाच तयार नाही. तिन्ही प्रकारांत गोष्ट एकच आहे, की बाहुली कुणाची, कुठली, कधीची हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं आणि ते न वाचताच सगळे बोलतायत. म्हणून जरा सविस्तर लिहिते, जागा कमी असेल तर कापा, पण मार्कचा भाग कापू नका अशी विनंती आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. बिस्क म्हणजे ग्लेझ न दिलेलं पोर्सिलेन. पांढऱ्या मातीचं पातळ गाळ करून प्लास्टरच्या साच्यात ओतायचं, डोळे आणि तोंड ओलं असतानाच कापून घ्यायचं, मग बाराशे डिग्रीच्या वर भाजायचं, नंतर हाताने गालांची लाली, ओठ, भुवया, पापण्या रंगवून कमी आचेवर पुन्हा भाजायचं. कपबशीसारखी चकाकी नसल्यामुळे ती त्वचेसारखी मंद दिसते, आणि रंग भाजून पक्का झालेला असल्यामुळे शंभर वर्षांनीही गाल तसेच गुलाबी राहतात. डोकं (आणि काही प्रकारांत खांदे, हात) एवढंच बिस्कचं असतं. अंग मात्र वेगळ्याच मालाचं, म्हणजे कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा, सरस यांच्या मिश्रणाचं, ज्याला सगळे कॉम्पोझिशन म्हणतात, किंवा मग बकरीच्या कातड्याचं, आत भुसा भरलेलं.

आता ही डोकी बनायची कुठे? जवळपास सगळी एकाच टापूत, थुरिंगियाच्या जंगलपट्ट्यात. दक्षिणेला झोनेबर्ग आणि त्याला लागून क्योपेल्सडॉर्फ, उत्तरेला वाल्टर्सहाउझन, ओर्डरुफ, ग्रेफनहाइन, मधे डोंगरात लिश्टे, लाउशा. लाकूड मुबलक म्हणून भट्ट्या, भट्ट्या म्हणून काच आणि पोर्सिलेन, आणि डोंगराळ जमिनीत शेती पिकत नाही म्हणून घरोघरी हाताला काम हवं, असं ते सगळं जुळून आलेलं. डोळे लाउशाच्या काचकारांकडून यायचे. तिथल्या लुडविग म्युलर-उरी या माणसाने आधी बाहुल्यांचे डोळे बनवले आणि 1835 च्या सुमारास माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे बनवायला घेतले, म्हणजे बाहुल्यांसाठी तयार झालेला हात पुढे खऱ्या माणसांच्या कामी आला. मला या सगळ्या धंद्यातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

आर्मांड मार्सेय याच टापूतला कारखानदार. नाव फ्रेंच वाटतं हे खरं, घराण्याचं मूळ तिकडचं असल्यामुळे, पण त्याचा जन्म 1856 चा, झारच्या रशियातला, आणि 1880 च्या दशकात झोनेबर्ग भागात येऊन त्याने कारखाना घेतला तो क्योपेल्सडॉर्फला. पुढे तो डोक्यांच्या सगळ्यात मोठ्या उत्पादकांपैकी एक झाला. त्याचा 390 नंबरचा साचा इतका निघाला की आज जगातल्या कुठल्याही जुन्या बाजारात उभं राहा, जी बाहुली आधी हाताला लागेल ती बहुधा ए एम 390 असते (ए एम म्हणजे त्याच्याच नावाची आद्याक्षरं). आणि तुमच्या फोटोतला 1894 हा सुद्धा असाच साच्याचा नंबर आहे, तो साचा त्या सालानंतर पुढे कितीतरी वर्षं वापरात होता. चार आकडी नंबर दिसला की साल समजायची सवय इतकी पक्की आहे की ती आधी मोडायला हवी. सिमोन अँड हालबिग या दुसऱ्या एका कंपनीच्या डोक्यांवरचे 1079, 1159 हे नंबर बघितले की लगेच पटतं, शिवाजी महाराजांच्याही आधीचं साल बाहुलीवर कोण घालेल! एर्न्स्ट हॉयबाख या आणखी एका उत्पादकाच्या डोक्यांवर घोड्याच्या नालाच्या खुणेसोबत 1900 असतं, त्यालाही लोक साल समजतात, आणि जाहिरातीत छापतात.

मार्क बघायचा कुठे तर मानेमागे, विगच्या खाली. खांद्यासकट डोकं असेल तर मागच्या खांद्याच्या पाटीवर, कधी कातड्याच्या कडेखाली झाकलेला. विग चिकटवलेला असेल तर ओढून काढायचा नाही, कड अलगद उचलून बघायची, पेन्सिलीची रेघ वाचावी तसं बाजूने टॉर्च मारून वाचायचं. केस्टनर कंपनीच्या बाहुल्यांत डोक्यावरची टोपी, म्हणजे विगखालचं टाळूचं झाकण, प्लास्टरची असते आणि विग तिला चिकटवलेला असतो, हिसका मारला तर दोन्ही जातात आणि तिची ओळखीची एक मोठी खूणही जाते.

काय काय लिहिलेलं असतं ते थोडक्यात सांगते, सगळं सांगायचं तर पुरवणीच काढावी लागेल. के आणि आर ही अक्षरं आणि मधे सहा टोकांची चांदणी असेल तर ते केमर आणि राइनहार्ट, वाल्टर्सहाउझनची 1886 ची कंपनी. पण यांनी स्वतः पोर्सिलेन भाजलं नाही, डोकी यायची ग्रेफनहाइनच्या सिमोन अँड हालबिगकडून, म्हणून पुष्कळदा दोन्ही नावं एकाच मानेवर असतात. तिथे सगळ्यात खाली 46, 58, 76 असा एकटा आकडा असेल तर तो साचा नंबर नव्हे, ती बाहुलीची सेंटीमीटरमधली उंची, टेप लावून बघा, जुळलं तर डोकं आणि अंग मूळचंच एकमेकांचं असण्याची शक्यता वाढली. हाइनरिश हान्ड्वेर्क हीसुद्धा वाल्टर्सहाउझनची, तिचीही डोकी सिमोन अँड हालबिगची. सिमोन अँड हालबिगची डोकी पॅरिसच्या ज्यूमो या बाहुल्यांच्या कंपनीकडेही गेली, आणि 1890 साली एडिसनने पोटात फोनोग्राफ बसवलेली बोलणारी बाहुली काढली तिचं डोकंही यांचंच. म्हणजे डोकं एकाचं, अंग दुसऱ्याचं, नाव तिसऱ्याचं आणि विकणारा चौथा, हा त्या धंद्याचा नियमच होता. त्यामुळे अमुक कारागिराने बनवलेली बाहुली असं वाक्य कुणी लिहिलं की मला तिथेच शंका येते.

केस्टनर त्याला अपवाद. डोकी आणि अंग दोन्ही स्वतः करणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी ही एक. वाल्टर्सहाउझनला अंगं, आणि 1860 मधे घेतलेल्या ओर्डरुफच्या कारखान्यात डोकी. यांच्या मानेवर जे डी के ही नावाची आद्याक्षरं असतात, किंवा एका बाजूला अक्षर आणि एका बाजूला आकडा असतो, ते अक्षर आणि आकडा म्हणजे माप. अंगावर एक्सेलसिअर आणि डी आर पी 70685 असा शिक्का दिसला तर तो केस्टनरचा पेटंट नंबर. म्हणून मी सगळ्यांना सांगते की नुसतं डोकं बघू नका, फ्रॉक वर करून पाठ, कंबर, मांडी बघा, अंगावर शिक्का असतो आणि तो धुतल्याने सगळ्यात आधी जातो.

डीईपी आणि डी आर जी एम ही अक्षरं लोक कंपनीची नावं समजतात. ती नोंदणीची खूण आहे. डी आर जी एम ही जर्मन सरकारची छोट्या शोधांची नोंद 1891 मधे सुरू झाली, त्यामुळे ती अक्षरं असतील तर बाहुली त्याच्या आधीची असूच शकत नाही. तशीच जर्मनी या शब्दाची गोष्ट. अमेरिकेने 1890 च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, ते 1891 पासून लागू झालं, आणि थुरिंगियाचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका, त्यामुळे तेव्हापासून मानेवर जर्मनी छापायला लागले. मात्र देशाचं नाव नाही म्हणून बाहुली 1891 च्या आधीचीच, असं उलटं म्हणता येत नाही, कारण सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. हे उलटं गणित करून विकणारे ऑनलाईन खूप आहेत. आणि मानेवर निप्पॉन किंवा जपान असेल तर ती जर्मन नाहीच. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाल्यावर मोरिमुरा ब्रदर्सनी जपानमधे बिस्क बाहुल्या काढल्या, त्या जर्मन बाहुल्यांच्या नकलेवरच होत्या आणि लांबून फसवतात.

आता एक बाहुली जवळून दाखवते. मिरजेला माझ्या आत्याकडे काचेच्या कपाटात जी आहे तीच. मानेमागे आर्मांड मार्सेय, जर्मनी, 390, आणि ए आणि एम च्या मधे मापाचा आकडा. भुवया बघा. जवळून बघितलं तर एक जाड रेघ आणि तिच्यातून वर सुटलेले बारीक फटकारे, प्रत्येक फटकारा ब्रश टेकवून उचललेला, सुरुवातीला दाट आणि टोकाला विरत गेलेला, आणि डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर, कारण रंगवणारी बाई दिवसाला कितीतरी डोकी रंगवत असणार आणि हात थांबत नसणार. खालच्या पापण्या मोजून काढल्यासारख्या सारख्या अंतरावर. तोंड उघडं, आत वरचे छोटे दात. डोळे निळे, मिटणारे. ते असे चालतात की दोन काचेचे डोळे एका तारेवर बसवलेले, तारेला मागे खाली शिशाचा गोळा, बाहुली आडवी केली की गोळा फिरतो आणि पापण्यांचा भाग पुढे येतो. आत्याच्या बाहुलीचा एक डोळा मधेच अडकायचा, कारण आतल्या प्लास्टरचा तुकडा सुटलाय. म्हणूनच अशी बाहुली कुठे न्यायची असेल तर डोळ्यांमागे आतून मऊ कागद भरतात आणि तिला पालथी झोपवून नेतात, नाहीतर शिशाचा गोळा आतून आपटतो आणि डोकं फुटतं. गालावर दोन-तीन काळे ठिपके आहेत, ते घाण समजून आत्या घासायची. ते भाजताना मातीतले किंवा भट्टीतले कण चिकटलेले आहेत, ते कधीच निघणार नाहीत आणि काढूही नयेत, उलट जुनेपणाची ती एक बारीकशी खूण आहे.

नकली माल कसा ओळखायचा हेही विचारतात. जुन्या डोक्यावरून प्लास्टरचा साचा काढून नवीन डोकी पाडणं हा प्रकार गेली कित्येक दशकं चाललाय, छंद म्हणून करणारे प्रामाणिक लोक त्यावर स्वतःचं नाव आणि साल कोरतात, पण सगळे करत नाहीत, आणि साच्यात जुना मार्कही जसाच्या तसा उतरतो. मात्र पोर्सिलेन भाजताना आक्रसतं, साधारण दहा-पंधरा टक्के, त्यामुळे नकल मूळपेक्षा लहान निघते. म्हणजे मानेवर 58 लिहिलंय आणि मूळ डोक्याला हवा तेवढा घेर भरत नाही, अंगही नवं, तर तिथे थांबायचं. शिवाय नव्या बिस्कचा गुलाबी रंग फार एकसारखा असतो, मार्कच्या कडा बोथट असतात, आणि पाठीच्या खड्ड्यांत, मानेच्या कडेला शंभर वर्षांची धूळ बसलेली नसते. विग काढता येत असेल तर अंधारात डोक्याच्या आत छोटी टॉर्च लावा, केसासारखी बारीक तडा असेल तर लगेच काळी रेघ दिसते. तडा बुजवून वर रंग मारला असेल तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तो भाग वेगळा दिसतो. एवढ्या दोन टॉर्च असल्या तरी निम्मी फसवणूक टळते. इथे फ्ली मार्केटमधे जुने सेलर आपणहून विग उचलून दाखवतात, जो दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

किमतीचं बोलते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. तुमच्या फोटोतली ए एम 1894, चांगल्या अवस्थेत, तडा नसताना, इथे एक-दोनशे युरोच्या आसपास जाते. 390 त्याहून कमी, कित्येकदा खूप कमी, कारण ती ढिगाने बनली आणि आता जुनी संग्राहक पिढी आपले संग्रह विकतेय. लाखांच्या बातम्या खऱ्या असतात, पण वेगळ्या बाहुल्यांच्या. केमर आणि राइनहार्टने 1909 पासून कॅरेक्टर डॉल काढल्या, म्हणजे गोड चेहऱ्याच्या ठरावीक साच्याऐवजी खऱ्या मुलांसारखे रुसलेले, गंभीर, विचारात पडलेले चेहरे. पहिला 100 नंबरचा, त्याला लोक कैसर बेबी म्हणतात आणि तो सम्राटाच्या मुलावरून केला असं ठोकून सांगतात, पण शिल्पकार आर्थर लेविन-फुंकेने तो आपल्याच मुलावरून केला होता. त्याच मालिकेतला 108 नंबर इतका दुर्मिळ की 2014 मधे लंडनच्या बोनहॅम्सच्या लिलावात एक बाहुली 2,42,500 पौंडांना गेली. ती बातमी वाचून मिरजेच्या कपाटातल्या 390 ची किंमत ठरवली तर निराशाच येणार. गंमत म्हणजे रुसलेले चेहरे त्या काळी मुलांना फारसे आवडले नाहीत, आयांनी घेतले नाहीत, म्हणून कमी बनले आणि म्हणून आज महाग आहेत.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसले ते. लेखात युरोपच्या राजघराण्यांसाठी बनलेल्या बाहुल्या असं एक वाक्य आहे. झोनेबर्गच्या बाहुल्या राजघराण्यांसाठी बनल्या नाहीत, त्या दुकानांसाठी बनल्या, डझनाच्या हिशोबाने, आणि त्यांचं मोठं काम कारखान्यात कमी आणि घरात जास्त झालं. व्यापारी ऑर्डर द्यायचा, कच्चा माल द्यायचा, आणि डोंगरातल्या गावांतली कुटुंबं एका खोलीत बसून तेच एक काम वर्षानुवर्षं करायची. एका घरात फक्त हात ओतायचे, एका घरात फक्त अंगाला रंग, एका घरात फक्त विग, एका घरात फक्त चपला. सरस शिजतोय, ओले हात-पाय चुलीभोवती वाळतायत, त्याच खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. मुलं शाळेतून आली की कामाला बसायची, नाताळच्या ऑर्डरींच्या आधी रात्री उशिरापर्यंत. तयार माल पाठीवरच्या उंच वेताच्या टोपलीत घालून बायका डोंगर उतरून झोनेबर्गला व्यापाऱ्याकडे पोचवायच्या आणि तो देईल तो दर घेऊन परत जायच्या. स्वस्त मालाच्या दुकानांची साखळी चालवणारा अमेरिकेचा वुलवर्थ स्वस्त खेळण्यांसाठी 1890 मधेच इथे येऊन पोचला होता, पुढे त्याच्या कंपनीने झोनेबर्ग स्टेशनजवळ स्वतःची मोठी इमारत बांधली. ही खेळणी एवढी स्वस्त कशी पडायची ते या घरांमधे गेल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांचं आयुष्य ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

झोनेबर्गला जर्मन खेळण्यांचं म्युझियम आहे, 1901 मधे तिथल्याच एका शिक्षकाने, पाउल कुन्ट्झेने, ते सुरू केलं, जर्मनीतलं या विषयाचं सगळ्यात जुनं. न्युर्नबर्गहून गाडी जाते, इथल्या मराठी लोकांना एका दिवसात होण्यासारखं आहे, आणि मी ज्यांना ज्यांना घेऊन गेले ते आधी कंटाळत आले आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर काढावे लागले. 1910 च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी झोनेबर्गकरांनी थुरिंगियातली जत्रा उभी केली होती, माणसांच्या आकाराच्या जवळ जाणाऱ्या आकृत्या, पाळणे, दुकानं, भांडणारी पोरं, सगळं, त्याला तिथे मोठा पुरस्कार मिळाला आणि ती आजही म्युझियममधे आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की कळतं या लोकांच्या हातात काय होतं. त्यांची नावं कुठल्याही मानेवर नाहीत. आणि तुम्ही एका वाक्यात ते सगळं काम फ्रान्सला आणि राजघराण्यांना देऊन टाकलंत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

फ्रेंच बाहुल्या कमी आहेत असं मी म्हणत नाहीये, ज्यूमो आणि ब्रूची जुनी डोकी अप्रतिमच आहेत. पण जर्मन मालाच्या किमतीपुढे त्यांना टिकता येईना म्हणून 1899 मधे फ्रेंच कंपन्यांना एकत्र येऊन एकच मोठी सोसायटी काढावी लागली, आणि त्या सोसायटीनेही जर्मन डोकी वापरली. हे माहीत असेल तर प्रत्येक सुंदर बाहुलीला डोळे झाकून फ्रेंच म्हणायची इच्छा होत नाही.

महाराष्ट्रात या बाहुल्या आल्या कशा, तर मुंबईच्या बंदरातून, इतर जर्मन मालासोबत, म्हणजे काचेच्या हंड्या, खेळणी, चिनी मातीच्या आकृत्या यांच्याबरोबर. नुसत्या गोऱ्या बाहुल्याच नाहीत, रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून घडवलेले लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण असे पोर्सिलेनचे देवही जर्मनीत बनून हिंदुस्थानच्या बाजारात यायचे, ते अजून काही घरांच्या देव्हाऱ्यांत आणि कपाटांत आहेत, तेही उलटून बघा, तळाला जर्मनी असेल. आणि आपल्याकडे या बाहुल्या टिकल्या त्याचं श्रेय मला वाटतं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आणि गौरी-गणपतीच्या आराशीला आहे. वर्षातून एकदा बाहेर काढायच्या, मांडायच्या, परत कापडात गुंडाळून ट्रंकेत. मुलांच्या हातात रोज दिल्या असत्या तर एकही राहिली नसती. इथे जर्मनीत ज्या बाहुल्या मिळतात त्यांच्या बोटांची टोकं बहुतेक उडालेली असतात, आत्याच्या बाहुलीची दहाच्या दहा शाबूत आहेत.

तेव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांना हात जोडून काही सांगते. अंग पाण्याने पुसू नका, कॉम्पोझिशन कागद आणि सरस आहे, पाणी लागलं की फुगतं आणि रंग पापुद्र्याने सुटतो. बिस्कचा चेहरा ओलसर मऊ कापडाने हलकेच पुसला तर चालेल, तेही डोळ्यांच्या कडेला पाणी जाऊ न देता, आत गेलं तर प्लास्टर सुटतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कोकणात तर मुळीच नको, जुनं धुतलेलं सुती कापड सगळ्यात चांगलं. विग मोहेरचा म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचा असतो, त्याला कसर लागते, कडुनिंबाचा पाला कापडाच्या बाहेर ठेवा, डांबरगोळ्या बाहुलीला टेकवून ठेवू नका. आतलं इलॅस्टिक सैल होऊन हात-पाय लोंबत असतील तर स्वतः घट्ट बांधायला जाऊ नका, जास्त ताण बसला तर मानेची कड तुटते. तुटलेलं बोट मिळालं तर पुडीत घालून सोबत ठेवा. फेविक्विक लावू नका, ते परत काढता येत नाही.

आणि कपडे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि इथल्या काही संग्राहकांशी माझा यावर वादही होतो. आपल्याकडच्या बाहुल्या बहुतेक उघड्या किंवा साध्या शेमीजवर आल्या आणि त्यांना इथे आपल्या आज्या-पणज्यांनी कपडे शिवले. आत्याच्या बाहुलीला खणाचं पोलकं आणि इरकलीच्या काठाचा परकर आहे, टाके इतके बारीक की भिंग लावून बघावेत, गळ्यात काळ्या पोतीचे मणी. मधे एका ऑनलाईन विक्रेत्याने तिला सल्ला दिला की हे काढून युरोपियन पद्धतीचा लेसचा फ्रॉक घाला, किंमत वाढेल. मी तिला म्हटलं अजिबात नाही. डोकं क्योपेल्सडॉर्फचं, डोळे बहुधा लाउशाचे, आणि पोलकं मिरजेचं, हा त्या बाहुलीचा खरा प्रवास आहे, तो काढून टाकला तर उरते ती बाजारात ढिगाने मिळणारी एक 390.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी खेळणी आणि बाहुल्या जपलेल्या आहेत, तशी नजर घराघरांत आली तर कितीतरी गोष्टी वाचतील. तुमच्या पुरवणीला एक करता येईल. वाचकांकडून अशा बाहुल्यांचे फोटो मागवा, पण तीन फोटो मागा, एक चेहऱ्याचा, एक मानेमागचा, एक कपडे वर करून पाठीचा, आणि सोबत चार ओळी, की घरात कधी आली, कुणी आणली, कपडे कुणी शिवले. ऐंशी-नव्वदीच्या पुढच्या आज्यांना हे अजून आठवतं, या वर्षी विचारलं तर सांगतील. मार्क वाचायला मी मदत करीन, एक पैसा न घेता, आणि इथले माझ्यापेक्षा जास्त जाणणारे दोघं-तिघं जुने संग्राहकही तयार आहेत, मी त्यांना विचारूनच लिहितेय. आणि तेवढी 1894 ची चूक पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात.

आपली,
एक नियमित वाचक
एर्लांगन, जर्मनी